रानाच्या चित्रात माणूस: कुठे, केवढा आणि कशासाठी

प्रश्न थोडक्यात असा आहे: माणसाचा वावर नसलेलं रान, कडे, दऱ्या रंगवताना चित्रात माणूस घालावा की नाही? नाही घातला तर डोंगर केवढा ते कळत नाही. घातला तर तो वरून चिकटवल्यासारखा दिसतो, शिवाय रानाचं रानपण जातं.

माणूस जरूर घाला, पण तो पहिल्या थंबनेलमध्येच, म्हणजे चित्राआधीच्या छोट्या कच्च्या रेखाटनातच, ठरवा. चित्र होत आल्यावर ‘इथे काहीतरी कमी वाटतंय’ म्हणून टाकलेला माणूस सहसा बसत नाही, कारण तोवर झाडांची उंची, दगडांचा आकार, उजेडाची जागा हे सगळं त्याच्याशिवाय ठरून गेलेलं असतं. माणूस नखाएवढा असला तरी बघणाऱ्याची नजर आधी त्याच्यावर जाते आणि तिथून ती चित्रातली बाकीची प्रत्येक गोष्ट मोजायला लागते. रानाच्या चित्रात माणूस म्हणजे मोजपट्टी. ती शक्यतो एकच असावी आणि बिनचूक असावी. चिकटवल्यासारख्या दिसणाऱ्या माणसांत रेखाटनाचा दोष क्वचितच असतो. बहुतेक वेळा माप किंवा टोन (रंगाचा उजळ-गडदपणा) चुकलेला असतो. म्हणून आधी मापाचं बघू.

सपाट जमिनीवर तुम्ही उभे असाल तर क्षितिजरेषा तुमच्या डोळ्यांच्या पातळीला येते. त्याच जमिनीवर उभी असलेली, तुमच्याच उंचीची सगळी माणसं, जवळची असोत की लांबची, त्यांचे डोळे त्याच रेषेवर येतात. वरखाली सरकतात ते फक्त पाय. इटालियन वास्तुकार आणि लेखक आल्बेर्तीने १४३५ मध्येच हे निरीक्षण लिहून ठेवलं आहे: देवळातल्या गर्दीत डोकी जवळजवळ एका पातळीत दिसतात, आणि लांबच्यांचे पाय जवळच्यांच्या गुडघ्यांपाशी येतात.

रानात मात्र आपण बहुधा उंचावरून बघत असतो. तिथे हिशेब असा: तुमचे डोळे खालच्या सपाटीपासून जितके उंच, त्याच्या जितक्याव्या भागाएवढा माणूस, तितकाच भाग त्याच्या पायांपासून क्षितिजरेषेपर्यंतच्या अंतराचा घ्यायचा. डोळे सपाटीपासून १७ मीटर वर आणि माणूस १.७ मीटरचा, तर तो एक दशांश. कॅनव्हासवर त्याचे पाय क्षितिजाच्या १० सेंमी खाली असतील तर माणूस १ सेंमीचा. ४ सेंमी खाली असतील तर ४ मिमीचा. चित्रात दोन ठिकाणी माणसं घ्यायची असतील तर हा हिशेब केल्याशिवाय घेऊच नका. दोन्ही अंदाजाने काढली की पुढचा बुटका आणि मागचा राक्षस होतो.

यात हमखास होणारी चूक म्हणजे डोंगराच्या माथ्याची रेषा क्षितिजरेषा समजणं. डोंगराळ प्रदेशात खरी क्षितिजरेषा बहुधा डोंगरामागे लपलेली असते. पेन्सिल डोळ्यांसमोर आडवी, अगदी समपातळीत धरा. ती जिथे डोंगराला छेदते ती तुमची क्षितिजरेषा, आणि ती माथ्याच्या बरीच खाली येते. फोटोवरून काम करत असाल तर कॅमेरा वर किंवा खाली कललेला होता का हे आधी तपासा, नाहीतर फोटोची आडवी मध्यरेषा तुम्हाला फसवेल.

उतारावर, कड्यावर किंवा घळीत हा नियम लागू पडत नाही, कारण तिथे माणूस त्या सपाटीवर उभाच नसतो. तिथे अंतरावरून माप काढा. ६० सेंमी रुंदीच्या कॅनव्हासमध्ये साधारण ५० अंशांचा देखावा बसवला असेल, तर १०० मीटरवरचा माणूस सुमारे ११ मिमी, २०० मीटरवरचा साडेपाच मिमी आणि ५०० मीटरवरचा जेमतेम २ मिमी होतो. हे आकडे पहिल्यांदा पाहिले की बहुतेकांना धक्का बसतो, कारण आपण सवयीने माणूस दुप्पट-तिप्पट मोठा काढतो. माणूस दुप्पट झाला की त्याच्यामागचा कडा निम्मा होतो. कड्यावर कितीही मेहनत घेतली तरी मग तो टेकडीच वाटतो.

तिसरं माप आहे पानांचं, आणि इथेच सगळ्यात जास्त चित्रं बिघडतात. माणूस १ सेंमीचा आहे, म्हणजे त्याचं डोकं सव्वा मिलिमीटर. त्याच्या शेजारच्या झाडावर तुम्ही सपाट ब्रशने ४ मिमीचे फटकारे मारलेत, तर त्यातलं प्रत्येक पान ६८ सेंमी लांबीचं झालं. बघणारा असा हिशेब करत नाही, पण त्याला ते झाड झुडुपासारखं दिसतं आणि माणूस बाहुलीसारखा. अकराव्या शतकातला चिनी चित्रकार ग्वो शी याने याचं फार नेमकं सूत्र सांगितलंय: झाडाची माणसाशी तुलना पानापासून सुरू होते आणि माणसाची झाडाशी तुलना डोक्यापासून, अमुक इतकी पानं मिळून एक डोकं. डोंगर झाडांच्या कैक पट, झाड माणसाच्या कैक पट, हे गुणोत्तर बिघडलं की डोंगर मोठा राहत नाही. म्हणून माणसाच्या आसपासच्या वीतभर जागेत ब्रश बदला. तिथे पानं सुटी काढू नका. पानांचा पुंजका एका टोनमध्ये ठेवून फक्त कडेला दोन-चार बारीक टिंबं द्या. जाड फटकारे चित्राच्या पुढच्या कोपऱ्यांसाठी राखून ठेवा, तिथे ते जवळचे म्हणून खपतात.

अंतर वाढवण्याचा आणखी एक जुना उपाय आहे. चिनी चित्रकार फान क्वान याचं साधारण इसवी सन १००० च्या सुमाराचं, डोंगर-ओढ्यांतून जाणाऱ्या वाटसरूंचं रेशमावरचं चित्र ताइपेइच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे. उंची दोन मीटरहून जास्त. उजवीकडे अगदी तळाला माल लादलेल्या खेचरांचा तांडा चाललाय, आणि वरचा बहुतेक भाग एकट्या कड्याने व्यापलाय. तांड्यामागच्या झाडोऱ्याच्या आणि कड्याच्या मधे धुक्याचा पट्टा आहे, तिथे जमीनच दिसत नाही. त्यामुळे तांड्यापासून कड्यापर्यंत पावलांनी मोजत जाता येत नाही. नजरेला उडी मारावी लागते आणि त्या उडीत कडा आणखी उंच होतो. तुमच्या चित्रातही माणूस आणि मुख्य डोंगर यांच्यामधली जमीन कुठेतरी तुटू द्या: धुकं, सावलीची दरी, धुराचा थर, काहीही. आणि या चित्रावरची चित्रकाराची सही १९५८ मध्ये सापडली, ती त्या तांड्याजवळच्याच पानांत दडलेली होती. साडेनऊशे वर्षं सगळ्यांची नजर तांड्यावर जात होती आणि शेजारची सही कुणाला दिसली नव्हती. छोट्या आकृतीची ओढ किती असते ते यावरून समजावं.

आता माणूस प्रत्यक्ष काढण्याबद्दल. २ सेंमीपेक्षा लहान आकृतीत चेहरा, बोटं, बूट काहीही नको. साधारण आठ डोक्यांची उंची धरा. डोकं मोठं झालं की मोठा माणूस लहान मूल दिसायला लागतो, आणि छोट्या आकृतीत अर्ध्या मिलिमीटरनेही हे घडतं. गोल ब्रश, ० ते २ नंबरचा, टोक शाबूत असलेला. आधी खांद्यांपासून खाली निमुळता होत जाणारा धडाचा एकच फटकारा, गाजरासारखा आकार. मग पाय, एक पाय किंचित आखूड, म्हणजे तो उचललेला आहे आणि माणूस चालतोय असं वाटतं. हात वेगळे काढू नका, धडाच्या कडेला किंचित फुगवटा पुरतो. डोक्याचं टिंब सगळ्यात शेवटी, धडाच्या मध्यावर न ठेवता चालण्याच्या दिशेला थोडं पुढे. मान काढायची नाही. डोकं आणि खांदा यांच्यात केसाएवढी फट राहिली तरी नजर ती भरून काढते.

तोल मात्र नीट बघा. गळ्याच्या खळगीतून सोडलेला ओळंबा भार घेतलेल्या पावलावर पडला पाहिजे. चढ चढणारा माणूस कमरेतून पुढे झुकतो, उतरणारा मागे रेलतो आणि त्याचे गुडघे वाकतात, पाठीवर ओझं असेल तर चढणारा आणखी पुढे वाकतो. तीव्र उतारावर खांबासारखा ताठ उभा माणूस काढला की बाकी सगळं बरोबर असूनही तो कापून चिकटवलेला दिसतो.

टोनचा नियम सोपा आहे आणि तोच सगळ्यात जास्त मोडला जातो: माणूस ज्या अंतरावर आहे त्या अंतरावरच्या गडद झाडापेक्षा तो गडद असू शकत नाही. काळा १ आणि पांढरा ९ अशी पट्टी धरा. मध्यभागातल्या झाडाच्या सावलीचा टोन ४ असेल तर तिथल्या माणसाची काळी पँटसुद्धा ४ च्या खाली जाणार नाही. मधली हवा तिला उजळ आणि निळसर करते. पांढऱ्या सदऱ्याचं उलट होतं, तो लांब गेला की किंचित मंद आणि उबदार होतो, म्हणून नळीतला नुसता टिटॅनियम व्हाइट लांबच्या सदऱ्याला लावू नका, त्यात यलो ऑकरचा अंश घाला. गडद रंगासाठीही काळा न घेता अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून, त्यात त्या भागातल्या हवेचा रंग घाला. डोळे बारीक करून बघा: माणूस भोवतालच्या पट्ट्यातून सुटून पुढे येत असेल तर टोन चुकलाय.

मग तो दिसणार कसा? जागेमुळे. उजेडाच्या पट्ट्यासमोर गडद माणूस, किंवा सावलीच्या तोंडाशी उजेडातला माणूस. त्याहून चांगलं म्हणजे दोन्ही एकाच आकृतीत: डोकं आणि खांदे गडद झाडीसमोर उजळ, पाय उजळ वाटेवर गडद. एवढी अदलाबदल साधली की भडक रंगाची गरजच पडत नाही.

लाल रंगाबद्दल वेगळं सांगावं लागेल. हिरव्या चित्रात लाल टोपी, लाल पागोटं हा पिढ्यान्‌पिढ्यांचा उपाय आहे आणि तो चालतोच. इंग्रज चित्रकार टर्नरने १८३२ च्या लंडनच्या रॉयल अकॅडमी प्रदर्शनात आपल्या करड्या समुद्रावर लाल रंगाचा एक ठिपका ठेवला आणि शेजारी लावलेलं कॉन्स्टेबल या दुसऱ्या इंग्रज चित्रकाराचं झगमगीत चित्र त्यामुळे फिकं पडलं. नंतर त्याने त्या ठिपक्याला पाण्यावरच्या तरंगत्या खुणेचा आकार दिला. इतकी ताकद असते म्हणूनच जपून. कॅडमियम रेड थेट लावला तर तो माणूस दोनशे मीटरवरून उडी मारून तुमच्या नाकासमोर येतो. त्यात शेजारच्या झाडीचा हिरवा थोडा मिसळा, विटकरी होऊ द्या, आणि ठिपका डोक्याएवढाच ठेवा.

आकृती जमिनीला टेकवणं हे शेवटचं तांत्रिक काम. गवत, पाचोळा, दगड यांत पावलं पूर्ण दिसत नाहीत, म्हणून पायांची खालची कड जमिनीच्या रंगाने आडवी पुसून घ्या. पावलांखाली लगेच एक गडद, छोटी स्पर्शछाया, आणि तिथून पुढे पडछाया. सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असेल तर सपाट जमिनीवर सावली माणसाएवढी, ३० अंशांवर पावणेदोन पट, १५ अंशांवर पावणेचार पटीच्या आसपास. झाडांच्या सावल्या लांबलचक आणि माणसाची सावली पायाशी गोळा, असं झालं की बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण खटकतं. सावली जमिनीच्या उंचसखलपणावरून वळणं घेत गेली पाहिजे. ती सरळ पट्टी झाली तर जमीन कागदी वाटते. कपड्याच्या खालच्या भागात जमिनीचा परावर्तित रंग थोडा उतरवा. आणि आकृतीची एक बाजू, शक्यतो सावलीची, शेजारच्या रंगात विरघळू द्या. चारही बाजूंनी धारदार कड असलेला माणूस रानात राहत नाही.

आता ज्याचा हिशेब मांडता येत नाही त्याबद्दल. माणूस आला की ‘ही जागा कुणाची’ हा प्रश्नही चित्रात येतो. बघणाऱ्याकडे तोंड करून मधोमध उभा माणूस रानाला आपली पार्श्वभूमी करून टाकतो. पाठमोरा माणूस बघणाऱ्याला आपल्या जागी उभं करतो. जर्मन चित्रकार कास्पार डाव्हिड फ्रीडरिशने हे कुणाहीपेक्षा खोलवर वापरलं. धुक्याच्या समुद्राकडे बघणारा त्याचा प्रवासी (१८१८ च्या सुमाराचा, आज हांबुर्गच्या संग्रहालयात) मधोमध आणि मोठा आहे, तिथे विषय बघणारा माणूस आहे. पण १८०८ ते १८१० मधला समुद्राकाठचा साधू बघा. कॅनव्हास ११० बाय १७१.५ सेंमीचा, आणि साधू त्यात चिमुकला, वाळूच्या पट्टीवर एकटा. अवरक्त किरणांच्या तपासणीत असं दिसलं की समुद्रावर आधी जहाजं होती, ती फ्रीडरिशने काढून टाकली. जहाजं असती तर समुद्राला रुंदी मिळाली असती, कारण जहाज केवढं असतं ते आपल्याला माहीत आहे. ती गेली आणि समुद्राला मापच उरलं नाही. रान अफाट दाखवायचं असेल तर आपल्या चित्रात काय घालायचं यापेक्षा कुठली मापं काढून टाकायची हे आधी बघावं. कुंपण, होडी, झोपडी, दुसरा माणूस, प्रत्येक गोष्ट रान थोडं आटवते. तीनपेक्षा जास्त माणसं सुटी सुटी उभी केली की रानाची सहल होते. तांड्यासारखी एका ओळीत असतील तर ती एकच आकृती म्हणून वाचली जातात, म्हणून चालतात.

दाट जंगलात क्षितिजच नसतं, तिथे हे सगळं वेगळ्या रीतीने करावं लागतं. जर्मन चित्रकार आल्टडॉर्फरचं १५१० चं संत जॉर्जचं चित्र फक्त २८ बाय २२ सेंमीच्या आसपास आहे आणि त्यात बीचच्या जंगलाची पानं जवळजवळ पूर्ण चौकट भरून टाकतात. घोडेस्वार आणि ड्रॅगन तळाशी, शोधावे लागतील इतके पानांत गुरफटलेले. तिथे जंगलाचा मोठेपणा अंतरातून येत नाही, दाटीतून येतो. असं चित्र करताना माणसाच्या पुढे एक तरी फांदी किंवा खोड येऊ द्या. अर्धा झाकलेला माणूस रानाच्या आत असतो. पूर्ण दिसणारा माणूस नेहमी रानाच्या पुढे उभा वाटतो.

अमेरिकन चित्रकार थॉमस कोलच्या १८३६ च्या कनेटिकट नदीच्या वळणाच्या चित्रात ‘ही जागा कुणाची’ हा मालकीचा प्रश्न उघडच मांडलाय. डावीकडे वादळ आणि मोडलेली झाडं, उजवीकडे आखलेली शेतं, आणि पुढच्या खडकांत चित्रकार स्वतः, इतका लहान की पहिल्या नजरेत सुटतो. रान आणि शेती यांच्या सीमेवर त्याने स्वतःला ठेवलंय.

माणूस न घालणं हेही एक विधान असतं, याचं भान ठेवा. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीच्या दरीतून तिथल्या मूळ रहिवासी अहवानीची लोकांना १८५१ मध्ये सशस्त्र तुकडीने हुसकावून लावलं. अमेरिकन चित्रकार बिअरश्टाटने १८६५ मध्ये तीच दरी सोनेरी उजेडात, एकही माणूस नसलेली रंगवली. त्याच चित्रकाराच्या १८६३ च्या रॉकी पर्वताच्या चित्रात मात्र पुढच्या भागात शोशोनी या मूळ रहिवासी लोकांची अख्खी वस्ती आहे. ज्या रानात लोक राहतात, लाकूड गोळा करतात, गुरं चारतात, ते ‘अस्पर्श’ म्हणून रिकामं रंगवायचं असेल तर ते समजून-उमजून करा. आणि तिथला माणूस दाखवायचा असेल तर त्याला कामात दाखवा. सूर्यास्ताकडे हात करून उभा असलेला माणूस पाहुणा असतो. मोळी बांधणारा तिथलाच असतो.

खरोखर माणूस नकोच अशीही चित्रं असतात. फ्रेडरिक चर्च या अमेरिकन चित्रकाराच्या १८५७ च्या नायगाराच्या चित्रात पायाखाली जमीनच नाही, पाणी थेट चौकटीच्या खालच्या कडेपर्यंत येतं, त्यामुळे बघणारा स्वतःच धबधब्याच्या काठावर लटकतो. तिथे पुढे एखादा माणूस उभा केला असता तर तो अनुभव त्या माणसाचा झाला असता. बघणाऱ्याला भोवळ आणायची असेल तर त्याची जागा अडवू नका. माप हवंय पण माणूस नको, तर पाऊलवाट, धुराची बारीक रेघ, लाकडी साकव यांपैकी एक घ्या. प्राणीही चालतात, पण ज्याचा आकार सगळ्यांना ठाऊक आहे असेच. आकाशातला पक्षी मापाला कुचकामी, कारण तो जवळची चिमणी आहे की लांबची घार हे ठरत नाही.

जागा ठरवण्यासाठी सगळ्यात खात्रीचा उपाय पारदर्शक प्लॅस्टिकच्या कागदाचा. त्यावर ॲक्रिलिकने हव्या त्या मापाचा आणि टोनचा माणूस काढा, वाळू द्या आणि वाळलेल्या चित्रावर सरकवत बघा. पाच-सहा जागा आणि दोन मापं तपासून मगच ब्रश लावा. आकृती ज्या दिशेला चाललीय त्या बाजूला मागच्यापेक्षा जास्त मोकळी जागा हवी. कडेच्या अगदी जवळ, बाहेरच्या दिशेने चाललेला माणूस बघणाऱ्यालाही चित्राबाहेर घेऊन जातो.

जलरंगात ही चैन नाही. उजळ माणूस हवा असेल तर पहिल्या वॉशच्या (पातळ रंगाच्या हाताच्या) आधीच तेवढा कागद सोडा किंवा मास्किंग फ्लुइड, म्हणजे कागद झाकून ठेवणारा आणि नंतर सोलून निघणारा द्रव, लावा. विसरलात तर ओल्या सिंथेटिक ब्रशने रंग सैल करून टिपकागदाने उचला. मात्र थॅलो निळा-हिरव्यासारखे कागदात मुरणारे रंग पूर्ण निघत नाहीत. वरून गौशचा (अपारदर्शक जलरंगाचा) पांढरा लावणं शेवटचा उपाय समजा, पारदर्शक वॉशमध्ये तो खडूसारखा उठून दिसतो. ॲक्रिलिकमध्ये वर हवं तितकं रंगवता येतं, पण रंग वाळल्यावर थोडा गडद होतो, म्हणून आकृतीचा टोन किंचित उजळ मिसळा.

तैलरंगात माणूस चुकला तर त्यावर पातळ रंग फिरवून तो लपवू नका. तैलरंगाचा थर काळाच्या ओघात जास्त पारदर्शक होत जातो आणि झाकलेली आकृती भुतासारखी वर येते. जुन्या चित्रांत अशा खुणा पुष्कळ दिसतात. ओला असताना चाकूने खरवडून, थोड्या टर्पेंटाइनच्या फडक्याने कॅनव्हासपर्यंत पुसा. वाळला असेल तर त्याचा उंचवटा बारीक पॉलिश पेपरने, पाण्याचा हात घेऊन, उतरवा, म्हणजे शिशाच्या किंवा कॅडमियमच्या रंगाची धूळ श्वासात जाणार नाही. मग तिथे आधी अपारदर्शक रंगाचा भरीव थर द्या आणि तो वाळल्यावरच त्यावर झाडी रंगवा.